इंग्रजीतून मत पटवून देण्याची विद्या

(शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासाठी एका तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या लेखन-शिबिरात एका माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात एक शंका आली असेल. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्याचा कारभार मराठीतून चालतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही लाभला. असे असता इंग्रजीतून मत पटवून देणारा निबंध लिहावयास शिकण्याची उठाठेव कशासाठी करावयाची?

शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर भावनेने नव्हे, वस्तुस्थितीने दिले पाहिजे. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च व उच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी आहे. गावच्या गायरानाचा तंटा तेथवर गेला की आपले म्हणणे इंग्रजीच्या वेशीतून आत जाते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या १३५ व्या कलमानुसार मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक कार्यावर खर्च करावा लागतो. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अंमलात आली, आणि त्या निधीसाठी करावयाचे प्रस्ताव बहुधा इंग्रजीतच मागविले जातात. आपल्या शाळेतील हुशार मुलगा किंवा मुलगी परदेशी विद्यापीठात प्रवेश मागते तेव्हा, ‘मलाच का घ्यावे’ हे तिला दोन पानांत इंग्रजीतून पटवून द्यावे लागते. मराठी ही आपल्या घराची भाषा आहे, कारभाराचीही आहे; परंतु काही दारे अशी आहेत की जेथे इंग्रजीतून हाक मारावी लागते. ती हाक नीट मारता यावी, एवढाच आजचा हेतू.

माझी एक फजिती

मी काही इंग्रजीचा प्राध्यापक नव्हे. मराठी शाळेत शिकलेला, पाचवी इयत्तेत प्रथमच इंग्रजी मुळाक्षरे गिरवलेला कला शाखेचा पदवीधर आहे. तेव्हा ही विद्या मला कोणी शिकविली असे म्हणण्यापेक्षा एका फजितीने शिकविली असे म्हणणे अधिक खरे होईल.

सुमारे दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराळ भागातील एका गावात ओढ्यापलीकडे एक वस्ती होती. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की वस्तीवरील मुलांची शाळा बुडे. तेथे पायी जाण्यापुरता एक साकव व्हावा अशी गावकऱ्यांची इच्छा होती. परराज्यात मुख्यालय असलेली एक कंपनी अशा कामांना साहाय्य करते असे कळले. सरपंच आणि मुख्याध्यापक माझ्याकडे आले व म्हणाले, “साहेब, तुम्ही लिहिण्यातले. तेवढा अर्ज इंग्रजीत लिहून द्या.”

मी मोठ्या उत्साहाने तीन पाने लिहिली. पहिल्या पानावर निसर्गसौंदर्य, गावाची परंपरा आणि शिक्षणाचे महत्त्व. दुसऱ्या पानावर कंपनीच्या औदार्याची स्तुती. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, योग्य ती कार्यवाही व्हावी अशी विनंती. ‘साकव’ हा विषय त्या तीन पानांत एकदाच आला होता. मुख्य म्हणजे, वस्तीवरून शाळेला येण्यासाठी चार किलोमीटरचा वळसा घालून जाणारा एक डांबरी रस्ताही आहे, ही गोष्ट मी लिहिलीच नाही. ती लिहिली तर आपली बाजू लंगडी पडेल असे मला वाटले.

उत्तर दोन ओळींचे आले. नकाशात वस्ती आणि शाळा यांना जोडणारा रस्ता दिसतो. मग साकवाची आवश्यकता काय, हे प्रस्तावावरून स्पष्ट होत नाही. सबब प्रस्ताव विचारात घेता येत नाही.

त्या उत्तराचा मला प्रथम राग आला. पण रागाचा भर ओसरल्यावर ध्यानात आले की, त्या अधिकाऱ्याचे काहीच चुकले नव्हते. त्याने विचारलेला प्रश्न मीच आधी स्वतःला विचारून त्याचे उत्तर लिहावयास हवे होते. माझे व्याकरण फारसे चुकलेले नव्हते. चुकला होता तो विचार. आणि त्या चुकीची किंमत मी दिली नाही. एक पावसाळा वाया गेला, तो वस्तीवरील मुलांचा.

निबंध म्हणजे काय?

इंग्रजीतील ‘एसे’ हा शब्द फ्रेंच भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ प्रयत्न, अजमावून पाहणे. फ्रान्समध्ये माँतेन याने १५८० साली आपल्या लेखांना हे नाव दिले आणि इंग्लंडमध्ये फ्रान्सिस बेकन याचे निबंध १५९७ साली प्रसिद्ध झाले. शाळेत आपण ‘पावसाळा’, ‘माझा आवडता सण’ असे जे निबंध लिहिले, ते वर्णनाचे. मत पटवून देणारा निबंध याहून निराळा असतो. त्यात लेखक एका वादग्रस्त प्रश्नावर एक बाजू घेतो आणि ती न मानणाऱ्या, परंतु विचार करण्यास तयार असलेल्या वाचकाला आपल्याकडे वळविण्याचा प्रयत्न करतो. ज्याबद्दल कोणाचे दुमत नाही असा विषय येथे उपयोगाचा नाही. ‘शिक्षण महत्त्वाचे आहे’ हे कोण नाकारील? ‘या ओढ्यावर याच वर्षी साकव झाला पाहिजे’ हे मात्र नाकारता येते. म्हणूनच ते पटवून द्यावे लागते.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने पटवून देण्याची तीन साधने सांगितली: बोलणाऱ्याविषयीचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. ही तिन्ही साधने हवीत; पण एकाचे काम दुसऱ्यावर सोपवून चालत नाही. माझ्या पहिल्या अर्जात भावनेचा पूर होता, आणि युक्तिवादाचा ओढा मात्र कोरडा होता.

आपलेच पूर्वज, इंग्रजीच भाषा

ही विद्या आपल्याला परकी आहे असे कृपया समजू नये. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे; पण ते दूध पिऊन त्याचे काय करावयाचे, हे महाराष्ट्रातील काही थोर व्यक्तींनी फार पूर्वीच दाखवून दिले आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. आपल्या लोकांशी मराठीत बोलावे आणि आपल्या लोकांचे म्हणणे सत्तेच्या कानी तिच्याच भाषेत घालावे, अशी ही दुहेरी सोय होती.

यानंतरचे तीन नमुने मी आपल्यासमोर ठेवतो.

पहिला नमुना महात्मा जोतीराव फुले यांचा. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी इंग्रजीतून एक निवेदन सादर केले. त्याची रचना अभ्यासण्याजोगी आहे. आरंभी पुणे व आसपासच्या गावांतील शाळांचा आपला प्रत्यक्ष अनुभव त्यांनी सांगितला, म्हणजे बोलण्याचा आपला अधिकार सिद्ध केला. नंतर वस्तुस्थिती मांडली: सरकारच्या महसुलाचा मोठा भाग कष्टकरी रयतेच्या श्रमांतून येतो, परंतु शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो. वरच्यांना शिकविले की विद्या आपोआप खाली झिरपते हा त्या काळचा प्रतिपक्ष होता. त्याला त्यांनी बगल दिली नाही, समोरून उत्तर दिले. आणि शेवटी मागण्या केल्या त्या मोघम नव्हेत. प्राथमिक शिक्षण निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब आणि शेतीची प्राथमिक माहिती असावी, शिक्षक प्रशिक्षित असावेत व त्यांना बरे वेतन मिळावे, असे त्यांनी बारकाईने सांगितले. अधिकार, पुरावा, प्रतिपक्षाला उत्तर आणि निश्चित मागणी ही चारही अंगे तेथे आहेत.

दुसरा नमुना डॉ. रखमाबाईंचा. लहानपणी झालेला विवाह त्यांनी नाकारला आणि त्यांच्यावर मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लागला. त्या वेळी, म्हणजे १८८५ साली, ‘अ हिंदू लेडी’ या टोपणनावाने त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रे लिहिली. तेव्हा त्यांचे वय विशीच्या आसपास होते. स्वतःच्या दुःखापासून आरंभ करून त्या तेथेच थांबल्या नाहीत; बालविवाहाने मुलींचे शिक्षण आणि आयुष्य कसे खुंटते, या सर्वांच्या प्रश्नाकडे त्यांनी वाचकाला नेले. १८८७ साली न्यायालयाने पतीकडे जाण्याचा, अन्यथा कारावास भोगण्याचा आदेश दिला, तेव्हा त्यांनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. या प्रकरणाने उठलेल्या चर्चेनंतर १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. एका व्यक्तीचा अनुभव सार्वजनिक युक्तिवादात कसा बदलतो, हे त्या पत्रांतून शिकावे.

तिसरा नमुना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी त्यांनी इंग्रजीतून अध्यक्षीय भाषण लिहिले; त्यातील मते मंडळाला मानवली नाहीत, परिषद झाली नाही, आणि बाबासाहेबांनी ते भाषण १९३६ साली स्वतः छापून प्रसिद्ध केले. महात्मा गांधींनी त्यावर ‘हरिजन’मध्ये टीका केली. पुढच्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका आणि आपले उत्तर, दोन्ही छापली. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत वाचकाला दाखवून मग उत्तर देणे, ही आत्मविश्वासाची खूण आहे. चार किलोमीटरचा रस्ता लपविणाऱ्या मला हे आधी सुचावयास हवे होते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फुल्यांची सक्तीच्या शिक्षणाची मागणी तेव्हा मान्य झाली नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. आणि देशपातळीवर शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली होऊन १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. चांगला युक्तिवाद पहिल्याच वाचनात जिंकतो असे नाही. पण तो लिहून ठेवलेला असेल तर पुढच्या पिढीला तो पुन्हा आरंभापासून रचावा लागत नाही.

पंचावयव वाक्य आणि इंग्रजी परिच्छेद

आता रचनेकडे वळू. आपल्या न्यायशास्त्रात अनुमान पटवून देण्यासाठी पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर दिसतो, हा हेतू. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा डोंगरही तसाच धुराने युक्त आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे निगमन. इंग्रजी युक्तिवादाचा सांगाडा याहून फार वेगळा नाही. स्टीफन टूलमिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५८ साली युक्तिवादाचे पृथक्करण करताना दावा, आधार आणि त्या दोहोंना जोडणारा नियम अशी अंगे दाखविली. आपली प्रतिज्ञा, हेतू आणि व्याप्ती यांच्याशी ती ताडून पाहावीत.

साकवाचेच उदाहरण घेऊ. प्रतिज्ञा: या ओढ्यावर पादचारी साकव बांधण्यास कंपनीने साहाय्य करावे. हेतू: पाणी असलेल्या दिवशी वस्तीवरील मुले शाळेत येऊ शकत नाहीत. उदाहरण: जेथे शाळेची वाट खंडित होते तेथे हजेरी घटते, जसे गेल्या पावसाळ्यात याच शाळेच्या हजेरीपटात दिसते. उपनय: ही वस्ती तशाच स्थितीत आहे. निगमन: म्हणून साकव हवा. यात आपल्या शास्त्रकारांचा पूर्वपक्ष जोडावा: ‘रस्ता आहे ना!’ आणि त्यावर उत्तरपक्ष: आहे; परंतु वळसा चार किलोमीटरचा आहे, शाळेच्या वेळी त्या रस्त्याने वाहन नाही, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाने पावसात रोज जाऊन-येऊन आठ किलोमीटर चालावे ही अपेक्षा व्यवहार्य नाही.

पाहा, जी गोष्ट मी लपविली होती तीच उघड सांगितल्यावर आमची बाजू अधिक भक्कम झाली.

इंग्रजीत हा मजकूर परिच्छेदांत वाटावा लागतो. एका परिच्छेदात एकच मुद्दा, आणि तो बहुधा पहिल्याच वाक्यात. पुढील वाक्ये त्या मुद्द्याला आधार देणारी. वाचकाने केवळ प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य वाचले तरी संपूर्ण युक्तिवाद त्याच्या ध्यानात यावा, ही चांगल्या रचनेची कसोटी मानावी.

मराठी माणूस कोठे अडखळतो

काही अडचणी आपल्या भाषेच्या घडणीतून येतात. त्या दोष म्हणून नव्हे, तर फरक म्हणून ओळखाव्यात.

पहिली अडचण क्रमाची. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि आपल्या सौजन्यातही मुख्य गोष्ट शेवटी येते. पाहुणा प्रथम ख्यालीखुशाली विचारतो, चहा घेतो, आणि निघताना उंबऱ्यावर उभा राहून कामाचे बोलतो. इंग्रजी निबंधाचा वाचक उंबऱ्यापर्यंत थांबत नाही. काय हवे आणि का हवे, हे त्याला पहिल्या परिच्छेदातच पाहिजे.

दुसरी अडचण ‘पाहिजे’ या शब्दाची. मराठीत ‘पाहिजे’ने गरजही दाखविता येते, कर्तव्यही आणि सक्तीही. इंग्रजीत ‘नीड’, ‘शुड’ आणि ‘मस्ट’ यांच्या जोरात मोठे अंतर आहे. साहाय्य मागताना देणाऱ्यालाच ‘मस्ट’ म्हटले की विनंतीचा हुकूम होतो. आणि कायद्याने बंधनकारक असलेली बाब ‘मे’ने लिहिली की हक्काची भीक होते. आपल्या दाव्याची खात्री जितकी, तितकाच जोर शब्दात असावा.

तिसरी अडचण ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांची. मराठीत ती नसल्यामुळे आपण ती कोठेही पेरतो अथवा सोडून देतो. एक सोपी खूण सांगतो. आपण कोणत्या वस्तूविषयी बोलतो आहोत हे वाचकाला आधीच ठाऊक आहे काय? असल्यास ‘द’, ती एकच वस्तू प्रथमच येत असल्यास ‘अ’ किंवा ‘ॲन’. या नियमाला अपवाद पुष्कळ आहेत, पण दहापैकी बहुतेक जागी ही खूण वाट दाखविते.

चौथी अडचण आपण कचेरीतून उचललेल्या इंग्रजीची. ‘इट इज रिक्वेस्टेड दॅट’ असे लिहिले म्हणजे विनंती कोण करतो ते नाहीसे होते. ‘काइंडली डू द नीडफुल’ असे लिहिले म्हणजे नक्की काय करावयाचे तेच नाहीसे होते. त्याऐवजी ‘ग्रामपंचायत अमुक इतक्या रकमेची मागणी करीत आहे’ अशा अर्थाचे सरळ कर्तरी वाक्य लिहावे. बिहारमधील मोतिहारी येथे जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने १९४६ साली राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवर एक निबंध लिहिला. सोपा शब्द असताना अवघड वापरू नये, गाळता येईल तो शब्द गाळावा, असा त्याचा आग्रह होता. इंग्रज लेखकालाच आपल्या देशबांधवांना हे सांगावे लागले, तेव्हा आपण संकोच मानण्याचे कारण नाही.

पाचवी अडचण विशेषणांची. ‘व्हेरी’, ‘एक्स्ट्रीमली’, ‘हार्टब्रेकिंग’ या शब्दांनी वाचक हलत नाही. हजेरीपटातील एक नोंद त्याला हलविते.

आणि सहावी, जोडशब्दांची. ‘हाउएव्हर’ म्हणजे तथापि. तो आला की वाचक विरोधी मुद्द्याची अपेक्षा करतो. ‘देअरफोर’ म्हणजे म्हणून. त्याच्या आधी कारण आलेले असले पाहिजे. वाक्य भारदस्त दिसावे म्हणून हे शब्द वापरणे म्हणजे वाटेवर चुकीच्या दिशेचा बाण लावण्यासारखे आहे.

सराव कसा करावा

अमेरिकेचा मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन याचे शालेय शिक्षण फारच थोडे झाले होते. त्याने लेखन कसे साध्य केले ते आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. ‘स्पेक्टेटर’ या इंग्रजी नियतकालिकातील एखादा निबंध तो घेई, प्रत्येक वाक्याच्या आशयाची छोटी टिपणे काढी, काही दिवस ती बाजूला ठेवी, आणि मग मूळ न पाहता त्या टिपणांवरून निबंध पुन्हा स्वतःच्या शब्दांत लिही. नंतर मुळाशी ताडून आपल्या चुका शोधी. कधी तो टिपणांची मिसळ करून टाकी आणि काही आठवड्यांनी त्यांचा योग्य क्रम लावण्याचा प्रयत्न करी. त्यातून त्याला विचारांची मांडणी साधली. या पद्धतीला खर्च नाही, शिकवणी नाही. इंग्रजी दैनिकातील एक अग्रलेख आणि एक वही एवढे पुरते.

शिक्षकांसाठी मी एक क्रम सुचवितो. पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी गावातील एखाद्या वादाच्या प्रश्नावर आपले मत मराठीत एका वाक्यात लिहावे. दुसऱ्या आठवड्यात त्या मताच्या विरुद्ध बाजूचे तीन मुद्दे, विरोधकालाही मान्य होतील इतक्या प्रामाणिकपणे लिहावेत. तिसऱ्या आठवड्यात पुरावा गोळा करावा: ग्रामपंचायतीचे दप्तर, शाळेचा हजेरीपट, प्रत्यक्ष मोजमाप. चौथ्या आठवड्यात एका पानाचा इंग्रजी निबंध लिहावा व तो वर्गात मोठ्याने वाचावा. वाचताना जेथे श्वास अपुरा पडेल तेथे वाक्य तोडावे. माध्यमिक शाळेच्या इंग्रजी लेखनात मत आणि प्रतिमत मांडण्याचा प्रकार आहेच. तो पाठ केलेल्या साच्यात न कोंबता अशा खऱ्या प्रश्नावर करून घेतला तर गुणही मिळतील आणि विद्याही मिळेल.

आज संगणक क्षणार्धात शुद्ध इंग्रजी परिच्छेद लिहून देतो, मग हे कष्ट कशाला, असेही कोणी विचारील. त्या साधनाचा उपयोग अवश्य करावा. उपपदे आणि स्पेलिंग तपासण्यास ते उत्तम आहे. परंतु ओढ्याला किती दिवस पाणी होते हे त्याला ठाऊक नाही. आपण ते सांगितले नाही तर ते गोड, गुळगुळीत आणि पोकळ तीन पाने लिहून देईल. तशी तीन पाने मी कोणत्याही यंत्राविना लिहिली होती, आणि त्यांचे काय झाले ते आपण ऐकलेच आहे.

पटविणे आणि फसविणे

शेवटी एक इशारा. शब्दांनी माणूस वळतो, म्हणून ही विद्या जपून वापरावयाची आहे. पटवून देणे आणि फसविणे यांत अंतर एवढेच की, पटवून देणारा आपला पुरावा वाचकाला तपासू देतो. आपल्याविरुद्ध जाणारी खरी गोष्ट लपविणे हे नीतीच्या दृष्टीने वाईट आहेच. पण व्यवहाराच्या दृष्टीनेही ते महाग पडते. एकदा वाचकाला लपविलेला रस्ता सापडला की आपल्या इतर दहा खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडतो.

त्या साकवाचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. दुसऱ्या पावसाळ्यात मुख्याध्यापकांनी ओढ्याला पाणी असलेले दिवस आणि त्या दिवसांची वस्तीवरील हजेरी वेगळ्या वहीत लिहून ठेवली. सरपंचांनी वळशाचे अंतर प्रत्यक्ष चालून मोजले. शाखा अभियंत्यांकडून खर्चाचा अंदाज घेतला. मग आम्ही तिघांनी बसून एकच पान लिहिले. पहिल्या परिच्छेदात मागणी, दुसऱ्यात वहीतील आकडे, तिसऱ्यात रस्त्याची कबुली आणि तिचे उत्तर, चौथ्यात रक्कम व देखभालीची ग्रामपंचायतीची हमी. प्रस्ताव मान्य झाला आणि पुढल्या जून महिन्यापूर्वी साकव उभा राहिला.

उद्घाटनाच्या दिवशी मी गेलो होतो. मुले एकामागून एक साकवावरून येत होती. मुख्याध्यापक शेजारी उभे राहून मनातल्या मनात मोजत होते. मोजून झाल्यावर ते म्हणाले, “एक कमी आहे.” माझा पहिला अर्ज परत आला त्या वर्षी सातवीतील एका मुलीला वडिलांनी शाळेतून काढून घेतले होते. साकव झाल्यावर सर तिच्या घरी जाऊन आले, पण तोवर ती दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे कामाला गेली होती. ती परत आली नाही.

मी लिहावयास बसलो की ती न आलेली मुलगी मला आठवते. चांगले लिहिणे ही शोभेची वस्तू आहे असे तेव्हापासून मला कधी वाटले नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या गावात असा एखादा ओढा असेल. त्याविषयी लिहाल तेव्हा आधी मोजा, मग विचार करा, प्रतिपक्षाला मान द्या, आणि थोडक्यात लिहा. भाषा मराठी असो वा इंग्रजी, हे चार नियम दोन्हीकडे सारखेच लागू पडतात.